खाऱ्या वाऱ्यातलं घर: ग्रिल, रेलिंग आणि खिडक्या कशाच्या कराव्यात?

किनाऱ्यालगत घर बांधणाऱ्याच्या हातात प्लास्टर होईपर्यंत तीन-चार कोटेशनं जमा झालेली असतात. एकात एमएसचं (साध्या लोखंडाचं) ग्रिल, दुसऱ्यात जीआय (जस्त चढवलेलं लोखंड), रेलिंगला "एसएस" (स्टेनलेस स्टील), खिडक्यांना अॅल्युमिनियम नाहीतर यूपीव्हीसी (कडक प्लास्टिक). गावाकडचे काका तेवढ्यात सांगतात, आपलाच साग आहे की मागच्या परड्यात. मग सगळे एकच प्रश्न विचारतात: यातलं मजबूत काय?

अलिबाग ते वेंगुर्ला या पट्ट्यात हा प्रश्न फारसा कामाचा नाही. ग्रिल भार सहन न होऊन तुटलं असं सहसा होत नाही. ते जोडाजवळ गंजतं, रेलिंग बुडाशी कुजतं, खिडकीचा रोलर अडकतो. म्हणून निवड करताना वस्तू किती भार घेईल याइतकंच ती कुठून आणि कशी खराब होईल हेही बघायला हवं.

तरी गुणधर्मांचे आकडे एकदा शेजारी शेजारी मांडून बघू. शेवटच्या रकान्यात २ मीटर लांबीचा तुकडा ३० अंशांनी तापला तर किती वाढतो ते दिलंय.

| साहित्य | घनता (किलो/घनमीटर) | ताठपणा (गिगापास्कल) | कायमचं वाकण्याची मर्यादा (मेगापास्कल) | २ मीटरमागे वाढ (मिमी) |
|---|---|---|---|---|
| साधं लोखंड (एमएस) | ७८५० | २०० | २५० | ०.७ |
| स्टेनलेस ३०४ | सुमारे ८००० | १९३ | किमान २०५ | १ |
| अॅल्युमिनियम ६०६३ | २७०० | ६९ | १४५ ते २१५ | १.४ |
| यूपीव्हीसी | सुमारे १४०० | सुमारे २.५ | सुमारे ४० | सुमारे ४ |
| साग (धाग्याच्या दिशेने) | सुमारे ६५० | १० ते १२ | लागू नाही | नगण्य |

ताठपणा म्हणजे भार पडल्यावर वस्तू किती कमी लवते. मर्यादा म्हणजे कुठवर लवून ती परत सरळ होते. रेलिंगला टेकल्यावर ते हललं तर ताठपणा कमी पडला. कोणी जॅक लावून गज फाकवले तर मर्यादा ओलांडली. टीएमटी सळईची (काँक्रीटमध्ये घालतात ती) मर्यादा साध्या लोखंडाच्या दुप्पट, ५०० असते, पण ताठपणा तोच २०० राहतो. त्यामुळे जास्त ग्रेडचं लोखंड घेऊन हलणारं रेलिंग थांबत नाही, त्यासाठी जाडी वाढवावी लागते. गोल सळईचा ताठपणा व्यासाच्या चौथ्या घाताने बदलतो. १२ मिमीच्या जागी १० मिमीची सळई लावली तर तो निम्म्याहून खाली येतो.

वजनाचा हिशोबही इथेच सांगून टाकतो, कारण ग्रिल किलोवर विकलं जातं. गोल सळईचा व्यास मिमीत घ्या, वर्ग करा, १६२ ने भागा: एका मीटरचं वजन किलोत मिळतं. १२ मिमीची ०.८९ किलो, १० मिमीची ०.६२. बारा सांगून दहा लावली तर मीटरमागे ३० टक्के लोखंड कमी. ही तफावत नुसत्या डोळ्यांना दिसत नाही, व्हर्नियर (जाडी मोजायचं साधन) लावला की लगेच दिसते.

ग्रिल: साधं लोखंड की जीआय?

साध्या लोखंडाच्या बाजूने बरंच काही आहे. स्वस्त आहे, कुठलाही वेल्डर ते जोडतो, वाकवलं तर तडकत नाही. बिडाचं नक्षीदार ग्रिल दिसायला सुंदर, पण बीड ठिसूळ असतं. दाब छान घेतं, ताण आणि हातोडीचा घाव घेत नाही. सुरक्षेसाठी लावायच्या ग्रिलला ते नको.

साध्या लोखंडाचं दुखणं एकच, गंज. आणि इथे मला सगळ्यात जास्त आक्षेप आहे तो हल्ली सर्रास लावल्या जाणाऱ्या पातळ चौकोनी पाइपांवर. १६ मिमीच्या भरीव गजाचा मिलिमीटरभर थर गेला तरी गज शिल्लक राहतो. १.२ मिमी जाडीच्या पाइपाला तेवढ्यात भोक पडतं. त्यातही गंज आतून लागतो, जिथे ब्रश कधीच पोचत नाही. बाहेरचा रंग तुकतुकीत असतो आणि बोटाने दाबलं की पापुद्रा आत जातो. समुद्राकडच्या भिंतीला भरीव गजच घ्या, भले दोन गज कमी बसले तरी.

जीआयमध्ये जस्त स्वतः झिजून लोखंडाला वाचवतं. ओरखडा पडून लोखंड थोडं उघडं पडलं तरी शेजारचं जस्त आधी झिजतं, रंगाला हे जमत नाही. मात्र जीआय नावाखाली दोन वेगळे माल मिळतात. एक, आधीच जस्त चढवलेल्या पत्र्याचा पाइप. १२० ग्रॅमचा पत्रा, म्हणजे चौरस मीटरला १२० ग्रॅम जस्त, असेल तर ते वजन दोन्ही बाजूंचं मिळून असतं, म्हणजे एका बाजूला जेमतेम ८ ते ९ मायक्रॉन (मिलिमीटरचे हजारावे भाग) जस्त. दुसरा प्रकार म्हणजे पूर्ण तयार ग्रिल सुमारे ४५० अंशांच्या वितळलेल्या जस्तात बुडवायचं. चौरस मीटरला ६१० ग्रॅम जस्त बसलं तर थर ८५ मायक्रॉनच्या आसपास जातो. दहापट फरक झाला हा.

शिवाय पहिल्या प्रकारात पाइप कापून वेल्डिंग केलं की नेमक्या जोडावरचं जस्त जळून जातं. त्यावर चंदेरी रंगाचा हात मारून काम पूर्ण झालं म्हणतात. दोन पावसाळ्यांत त्या जोडांवरून भिंतीवर तांबडे ओघळ येतात. त्यामुळे क्रम महत्त्वाचा: आधी सगळं कापणं, भोकं पाडणं, वेल्डिंग, घासणं, आणि मगच जस्ताच्या टाकीत. पोकळ भाग असेल तर हवा निघायला भोकं ठेवावी लागतात, नाहीतर आत अडकलेल्या हवेने आणि ओलीने तो टाकीत फुटू शकतो. अनुभवी कारखाना भोकं नसलेला माल घेतच नाही.

माझी पसंती भरीव गजाचं ग्रिल, सगळं जोडून झाल्यावर जस्तात बुडवलेलं आणि त्यावर रंग. जस्ताचा कारखाना फार लांब असेल तर जस्तयुक्त इपॉक्सी प्रायमर आणि वर पीयू (पॉलियुरेथेन) रंग. नुसत्या रेड ऑक्साइडवर इनॅमल मारणार असाल तर दर दोन वर्षांनी रंगारी बोलावायची तयारी ठेवा.

रेलिंग: कुठलं स्टेनलेस?

कोटेशनमध्ये नुसतं "एसएस" लिहिलेलं असेल तर तो कागद परत करा. तिथे ग्रेड हवा. २०२ मध्ये महाग निकेल कमी करून मँगनीज वाढवलेलं असतं. ३०४ मध्ये साधारण १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल. ३१६ मध्ये निकेल थोडं जास्त आणि २ ते ३ टक्के मॉलिब्डेनम. क्रोमियमचा ऑक्साइड पृष्ठभागावर अतिपातळ थर धरतो आणि तोच गंज अडवतो. मिठातलं क्लोराइड त्या थराला टाचणीच्या टोकाएवढी छिद्रं पाडतं. मॉलिब्डेनम ती छिद्रं रोखायला मदत करतं.

नवीन असताना तिन्ही सारखेच चमकतात. दुकानदार लोहचुंबक लावून दाखवतो, चिकटला नाही, म्हणजे ३०४! पण २०२ लाही चुंबक चिकटत नाही, आणि वाकवलेल्या ३०४ ला कधीकधी किंचित चिकटतो. या चाचणीने काहीच ठरत नाही. २०२ ओळखायला रसायनाचे थेंब मिळतात, चांगल्या फॅब्रिकेटरकडे ती बाटली असते. आपल्यासमोर थेंब टाकायला सांगा आणि बिलावर ग्रेड लिहून घ्या.

लाटांचे तुषार काचेवर पांढरा थर धरतात अशा जागी ३१६ ला पर्याय नाही. त्याहून आत, गाव-रस्ता-बागा ओलांडून घर असेल तर ३०४ चालतं, पण दोन अटींवर. पहिली अट पॉलिशची. आरशासारखं गुळगुळीत पॉलिश घ्या, रेघांच्या मॅट फिनिशमध्ये मीठ बसून राहतं. दुसरी धुण्याची. गंमत म्हणजे उघड्या गच्चीवरचं रेलिंग बरेचदा छपराखालच्या बाल्कनीतल्या रेलिंगपेक्षा चांगलं राहतं, कारण पावसाने मीठ धुऊन जातं. छपराखाली मीठ साचतच जातं. गोड्या पाण्याने महिन्यातून एकदा धुतलं तरी बराच फरक पडतो.

३१६ घेऊनही डाग का पडले, ही तक्रार बहुतेकदा कामाची असते, मालाची नसते. ज्या ग्राइंडरच्या चाकाने सकाळी लोखंड घासलं, त्याच चाकाने दुपारी स्टेनलेस घासलं की लोखंडाचे कण त्यात रुततात आणि तेच गंजतात. वेल्डिंगशेजारी उमटलेला निळसर-सोनेरी पट्टाही पिकलिंग पेस्टने (आम्लाच्या लेपाने) काढावा लागतो, नाहीतर गंजाची सुरुवात तिथूनच होते.

अॅल्युमिनियमचं रेलिंगही मिळतं. त्याच मापाच्या पाइपात ते लोखंडाच्या जवळजवळ तिप्पट लवतं, त्यामुळे सेक्शन मोठं लागतं. एवढं सांभाळलं तर वाईट नाही.

खिडक्या: अॅल्युमिनियम, यूपीव्हीसी की साग?

३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं तेव्हा वारा ताशी ११० ते १२० किलोमीटर होता. १२० चा वारा एका चौरस मीटरवर साधारण ६८ किलोचा दाब टाकतो. म्हणजे १.२ बाय १.५ मीटरच्या खिडकीवर १२० किलोंहून जास्त. सरकत्या खिडकीत हा भार दोन पल्ल्यांच्या मधल्या उभ्या पट्टीवर येतो. ती लवली की पाणी आत येतं, जास्त लवली की पल्ला चौकटीतून सुटतो.

म्हणून इथे ताठपणा बघायचा. यूपीव्हीसीचा ताठपणा अॅल्युमिनियमच्या पंचविसाव्या भागाहूनही थोडा कमी. त्याला मिठाचं भय नाही, रंग लागत नाही, पण एकट्याने ते वारा पेलत नाही. म्हणूनच त्याच्या पोटात जस्त चढवलेल्या लोखंडाची पट्टी घालतात. स्वस्त कोटेशनमध्ये हीच पट्टी पातळ होते किंवा लहान पल्ल्यांतून गायब होते. सेक्शनचा कापलेला तुकडा मागून घ्या आणि आत बघा. गडद रंगाचं यूपीव्हीसी पश्चिमेच्या उन्हात नको, ७५-८० अंशांच्या आसपास ते मऊ पडू लागतं आणि गडद पृष्ठभाग उन्हात फार तापतो. उष्णता अडवण्याचा गुण मात्र विक्रेते जरा जास्तच सांगतात. अॅल्युमिनियमची उष्णतावाहकता हजारपट आहे हे खरं, पण आपल्याकडे खोली तापते ती मुख्यतः काचेतून आलेल्या उन्हाने. एसी दिवसभर चालणार असेल तर या मुद्द्याला थोडं वजन द्या.

अॅल्युमिनियम ताठ आहे आणि त्याचा स्वतःचा ऑक्साइड त्याला जपतो. किनाऱ्यावर मात्र अॅनोडायझिंग (तोच ऑक्साइड विजेने जाड करणं) २५ मायक्रॉनचं मागा, किंवा ६० ते ८० मायक्रॉनचं पावडर कोटिंग. दोन गोष्टींपासून ते जपावं लागतं. ओल्या सिमेंटचा अल्कली त्याला खातो, म्हणून प्लास्टर पूर्ण झाल्यावर खिडकी बसवा, तोवर फ्रेमवरची संरक्षक टेप काढू नका. आणि साधे लोखंडी स्क्रू नकोत, ते स्वतः तर गंजतातच आणि अॅल्युमिनियमवर डाग व भोकं सोडतात. स्टेनलेसचे स्क्रू घ्या. रोलर, कडी, बिजागरी यांचाही ग्रेड विचारा, कारण फ्रेमच्या कितीतरी आधी त्यांचा जीव जातो.

सागाला मीठ काही करत नाही. धाग्याच्या दिशेने तो वजनाच्या मानाने चांगला ताठ आहे. पण तो पावसाळ्यात धाग्याला आडवा फुगतो, आणि जूनमध्ये न लागणारा दरवाजा डिसेंबरमध्ये फटीतून वारा आणतो. परड्यातल्या सागाबद्दल काकांना दोन प्रश्न विचारायला हवेत: झाडात गाभा किती भरलाय आणि कापून किती दिवस वाळवणार? बाहेरचं पांढरं लाकूड वाळवीचं खाद्य आहे. गाभा भरपूर असेल, नीट वाळवलेला असेल आणि दर एक-दोन वर्षांनी तेल-पॉलिश करणारं माणूस घरात असेल तर साग जरूर करा, विशेषतः छज्जाखालच्या खिडक्यांना. घर दहा महिने बंद राहणार असेल तर नको.

समुद्राकडे तोंड असलेल्या मोठ्या खिडक्यांना मी अॅल्युमिनियम घेईन, बाथरूम आणि मागच्या लहान खिडक्यांना यूपीव्हीसी.

कोटेशनमध्ये नसलेली एक बाब

रेलिंगचे खांब ज्या स्लॅबमध्ये रुततात, तिथली सळईही याच हवेत आहे. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो आणि काँक्रीट आतून फोडतो. पातळ छज्जे आधी फुटतात ते यामुळेच. आयएस ४५६ या काँक्रीटच्या भारतीय मानकानुसार किनाऱ्याच्या उघड्या हवेतल्या आरसीसीला (सळई घातलेल्या काँक्रीटला) किमान एम ३० ग्रेडचं काँक्रीट आणि सळईवर ४५ मिमी कव्हर, म्हणजे काँक्रीटचा थर, लागतं, थेट तुषार येत असतील तर एम ३५ आणि ५० मिमी. खाडीची न धुतलेली वाळू वापरली तर मीठ पहिल्या दिवसापासूनच आत असतं. खांब स्लॅबमध्ये पुरण्याऐवजी वर प्लेट ठेवून स्टेनलेसच्या बोल्टने बसवा, प्लेटखाली पाणी साचू नये म्हणून उतार द्या.

पैसे कमी पडत असतील तर मागच्या बाजूच्या ग्रिलवरचा जस्ताचा खर्च कमी करता येईल, तिथे इपॉक्सी चालेल. आतल्या जिन्याला ३१६ ची गरज नाही, ३०४ पुरतं. समुद्राकडच्या बाजूला मात्र काटछाट करू नका. जस्ताच्या कारखान्यात टाकीची लांबी किती आहे हे मात्र ग्रिलचं माप ठरवण्याआधी फोन करून विचारा. टाकीत न मावणारं ग्रिल दोन तुकड्यांत करून बोल्टने जोडावं लागेल, आणि ते वेल्डरला आधीच सांगितलेलं बरं.