मागच्या चाकात ३२ हवा, आणि माझे ५६,५०० रुपये

आकडा आधीच सांगून टाकतो, मग बाकीचं. ५६,५०० रुपये गेले. अकरा दिवसांत, पाच वेळा, माझ्याच बोटाने पाठवलेले. ओटीपी कुणी मागितला नाही, लिंक कुणी पाठवली नाही, वीज कापतो म्हणून कुणी धमकावलं नाही. त्या सगळ्या भानगडी मला पाठ आहेत. गल्लीतल्या आजीबाईंचे मोबाइल मीच तपासून देतो. आता त्यांच्यासमोरून जाताना मान खाली घालतो.

मला मोटरसायकल ट्रायल्सचं वेड आहे. यात वेग नसतो. दगड, ओंडके, नाल्याची दरड यांवरून पाय न टेकवता गाडी काढायची. पाय टेकला की एक गुण दंड, पडलात की पाच. आमचं शेत सातपुड्याच्या पायथ्याशी, मागे नाला, उन्हाळ्यात पूर्ण कोरडा. तिथल्या काळ्या दगडांवर मी दोन वर्षं घासतोय. आधी सायकलवर जागच्या जागी उभं राहायला शिकलो: हँडल वळवून पुढचं चाक दगडाला लावायचं, पॅडल आडवे, गुडघे सैल, आणि नजर चाकाकडे न्यायची नाही, दहा फूट पुढे ठेवायची. चार मिनिटं उभा राहतो. मग १०० सीसीच्या गाडीवर एका बोटाने क्लच खेळवायला शिकलो. पण ती गाडी जड, हँडल पुरतं वळत नाही, फूटरेस्ट पुढे. खरी ट्रायल्स गाडी सत्तर-पंचाहत्तर किलोची, सीट जवळजवळ नसतेच, फूटरेस्ट खाली आणि मागे. नवी बाहेरून मागवायची तर किंमत आणि वर ड्युटी. आप्पांच्या केळीला भाव असला तरी ते जमणारं नाही.

म्हणून जाहिरात दिसली तेव्हा हातातला चहा तसाच राहिला. खास ट्रायल्सची मोंटेसा कोटा ४आरटी, वापरलेली, १,१०,००० रुपये. ज्या टोनी बूने २००७ ते २०२४ ट्रायल्सचं मैदानी विश्वविजेतेपद एकदाही हातचं जाऊ दिलं नाही, त्याच्या गाडीच्या घराण्यातली! स्वस्त होती तेव्हाच कळायला हवं होतं, असं आता सगळे सांगतात. अरे, आख्ख्या खान्देशात ही गाडी कुणाकडे आहे, की मी भाव विचारून येऊ? कापसाचा भाव विचारा, सांगतो.

माणूस नाशिकचा, म्हणे. बोलायला गोड, ‘भाऊ’ शिवाय वाक्य नाही. गाडी चालू करून दाखवणारा व्हिडिओ पाठवला. टोकन म्हणून ५,००० पाठवले. दुसऱ्या दिवशी फोनवर सहज बोलताना, खरं सांगायचं तर माझी अक्कल दाखवायला, मी विचारलं, “मागच्या टायरला हवा किती ठेवता?”

“३२, भाऊ. त्याच्या खाली गेलात तर टायर कापतो.”

ट्रायल्सच्या मागच्या टायरला चार-पाच पीएसआय हवा असते. पुढच्याला पाच-सहा. टायर दगडाला चिकटून बसावा म्हणून. या खेळात पाऊल टाकणाऱ्याला पहिल्या आठवड्यात हे कळतं. मी तर १,१५० रुपयांचं ० ते १५ चं गेज आधीच घेऊन ठेवलं होतं, कारण पंक्चरवाल्याचं गेज इतकं खाली वाचतच नाही. ३२ म्हणजे बाजारहाटाच्या स्कूटरची हवा. आणि मी काय म्हणालो? “हो ना, बरोबर.” मी म्हणालो हे! फोन ठेवल्यावर स्वतःलाच समजावलं: उभी असेल बरेच दिवस, म्हणून जास्त भरली असेल. त्याच्या बाजूने वकिली मीच केली. फुकट.

त्याच फोनवर तो म्हणाला, सरावाला पाटणादेवीच्या जंगलात येतो. ते अभयारण्य आहे, तिथे कोण गाडी उडवू देणार? ‘टू-टी ऑइल किती मिसळायचं ते मी सांगतो’ असंही म्हणाला. ४आरटी फोर-स्ट्रोक आहे, पेट्रोलमध्ये तेल मिसळायची भानगड टू-स्ट्रोकला! हेही गिळलं. गाडी डोळ्यांपुढे होती ना.

मग २५,००० ॲडव्हान्स. मग ट्रान्सपोर्टचे ८,५००. मग ‘परत मिळणारा’ विमा, ११,८००. परत मिळणारे पैसे कुणी मागितले की तिथेच फोन बंद करा. शेवटी आरटीओ एनओसीचे ६,२००. स्पर्धेची गाडी, रस्त्यावर पासिंगच नाही, तिची कसली एनओसी? भरले. सहाव्यांदा गेटपासचे १८,००० मागितले तेव्हा कुठे डोळे उघडले. पाच वेळा भरले. ट्रायल्समध्ये पाच म्हणजे सेक्शन, म्हणजे आखून दिलेला टप्पा, नापास.

लाजेपोटी दोन दिवस घरात कुणाला बोललो नाही. हीच दुसरी चूक. १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर लगेच फोन करायचा असतो, पैसे पुढे सरकायच्या आत. मी तिसऱ्या दिवशी केला, तोवर खातं रिकामं.

पोलीस ठाण्यात गेलो. हवालदाराने विचारलं, “कितला गयात?” सांगितलं. मग म्हणाला, मोटरसायकल कुठे आहे? मी म्हणालो, नाहीच आहे, तेच तर सांगतोय. म्हणाला, मग चोरी कशी? तासभर चोरी आणि फसवणूक यातला फरक समजावला. मग दुसरे साहेब: पैसे नाशिकला गेले, नाशिकला जा. नव्या कायद्यात हद्दीचं कारण चालत नाही, बीएनएसएस (नागरिक सुरक्षा संहिता) कलम १७३, कुठल्याही ठाण्यात नोंदवता येणारा झिरो एफआयआर, छापून नेलेला कागद दाखवला तर म्हणाले, “वकील आहेस का?” बँक म्हणते एफआयआर आणा, पोलीस म्हणतात आधी बँकेचं पत्र आणा. चार चकरा, दर वेळी बसचं तिकीट आणि बुडालेला दिवस. कॅशियर तर ट्रायल्स म्हणजे काय ते नीट समजून घेऊन हसला. शेवटी १७३(४) खाली एसपींना रजिस्टर पोस्टाने अर्ज पाठवला, मग आठवड्याने एफआयआर झाला, फसवणुकीचं कलम, बीएनएस (न्याय संहिता) ३१८(४). ‘तपास चालू आहे.’ चालू राहू दे.

यूटीआर नंबर, म्हणजे पैसे पाठवल्याचा व्यवहार क्रमांक, लगेच लिहून ठेवा, चॅट रागाने पुसू नका, मी अर्धं पुसलं. गाडीजवळ उभं राहून व्हिडिओ कॉल करायला लावा, चासी नंबरवर बोट ठेवायला सांगा, नाही म्हणाला की विषय संपला. आणि हवा विचारा.

परवा तीच जाहिरात पुन्हा दिसली. तेच फोटो, तोच लाल स्टँड, किंमत आता ९५,०००. आप्पांच्या नंबरवरून मेसेज टाकला: मागच्या टायरला हवा किती?

दोन मिनिटांत उत्तर आलं. “३२, भाऊ.”