पर्पल फाउंटन ग्रास की ‘ख्रिसमस ट्री’? वर्षभर सांभाळल्यावर

तळेगावच्या घराची पश्चिम बाजू बरीच वर्षं ओसाड होती. कंपाउंडच्या भिंतीलगत पाच-सहा फुटांचा पट्टा, मुरमाड जमीन, दुपारनंतर कडक ऊन आणि पावसाळ्यात घाटाकडून येणारा सोसाट्याचा वारा. तिथे काय लावायचं यावरून घरात दोन तट पडले. मला झुबक्याझुबक्याने वाढणारं शोभेचं गवत हवं होतं, बायकोला ‘पाइन’. शेवटी सोलापूर रस्त्यावरच्या नर्सरीतून दोन्ही आणलं. आता उन्हाळा, पावसाळा, हिवाळा असा पूर्ण फेरा झालाय, म्हणून सविस्तर लिहितोय.

आधी एक खुलासा. आपल्याकडच्या नर्सरीत पाइन मागितलात तर बहुधा अरोकेरियाच हातात ठेवतात, म्हणजे आपलं ते ‘ख्रिसमस ट्री’. खऱ्या पाइनच्या कुळाशी त्याचा जवळचा संबंध नाही. खरा चीड, म्हणजे आपल्या देशातला पाइन, हिमालयाच्या उतारांवर साधारण पाचशे ते दोन हजार मीटर उंचीवर वाढतो; पुण्याच्या बागेत त्याच्या मागे लागण्यात अर्थ नाही. अरोकेरियाच्या दोन जाती बाजारात एकाच नावाने खपतात. दोन्ही ऑस्ट्रेलियाच्या पूर्वेकडच्या पॅसिफिक बेटांवरच्या: एक नॉरफोक बेटावरची, दुसरी न्यू कॅलेडोनियातली, जिला ‘कुक पाइन’ म्हणतात. कॅप्टन कुकने 1774 मध्ये एकाच सफरीत दोन्ही बेटांवरची ही सरळसोट झाडं पाहिली आणि जहाजांच्या डोलकाठ्यांसाठी लाकूड मिळालं म्हणून तो खूश झाला. आपल्याकडे मिळणारी बरीचशी रोपं कुक पाइनची असतात. लहानपणी दोन्हींतला फरक ओळखणं अवघड आहे.

आता गवत. पर्पल फाउंटन ग्रास हे बाजरीचं भाऊबंद. हत्ती गवतही त्याच घराण्यातलं. लोंब्या आल्यावर हे नातं लगेच कळतं, गावाकडून आलेल्या मामांनी तर “जावईबापू, बाजरी इथे कुठे लावलीत?” असंच विचारलं. पैसे देऊन गवत आणलं हे कळल्यावर त्यांचा चेहरा पाहण्यासारखा होता.

उन्हाळ्याच्या तोंडाला लावलेली वीतभर रोपं पावसाळा लागेपर्यंत कमरेएवढी झाली. पानांचा रंग गडद वांगी, त्यावर लालसर, खाली झुकलेल्या लोंब्या. संध्याकाळचं तिरपं ऊन मागून आलं की त्या नुसत्या पेटतात. भिंत झाकायची होती, ती एका मोसमात झाकली गेली. पाण्याचं म्हणाल तर मुळं धरेपर्यंत एक दिवसाआड दिलं, नंतर भर मे महिन्यातही आठवड्यातून दोनदा पुरलं. कीड काही दिसली नाही. खत जवळजवळ नाहीच, आणि ते तसंच बरं. शेजारच्या काकूंनी प्रेमाने युरिया घातला होता, तो झुबका लुसलुशीत वाढून आडवा पडला.

तक्रारीही आहेत. जुलैच्या सततच्या पावसात लोंब्या भिजून जड होतात आणि सगळा झुबका मधून फाकतो. सुतळीने सैल बांधावा लागतो आणि ते दिसायला बरं दिसत नाही. सावलीत हे गवत लावूच नका. आंब्याखाली लावलेला एक झुबका पार हिरवट झालाय, लोंब्याही मोजक्याच. दिवसातून निदान सहा तास ऊन मिळणार नसेल तर रंगासाठी दिलेले पैसे फुकट. आणि हिवाळ्यात, डिसेंबरच्या मध्यापासून, ते वाळक्या पेंढीसारखं दिसायला लागतं. परदेशी बागांच्या फोटोंमध्ये त्या वाळक्या रूपाचं फार कौतुक असतं. आपल्याकडे येणारा प्रत्येक पाहुणा “पाणी घालत नाही का?” म्हणून विचारतो.

त्यावर उपाय छाटणी. होळीच्या आधी झुबका दोरीने बांधून जमिनीपासून वीतभर ठेवून विळ्याने कापला. दोन-तीन आठवड्यांत नवे जांभळे कोंब आले. कापलेलं गवत डाळिंबाच्या आळ्यात आच्छादन म्हणून पसरलं. वर्षभराची खरी मेहनत एवढीच. साप येतील ही भीती आईने पहिल्या दिवसापासून लावून धरलीय. आमच्याकडे अजून दिसला नाही, पण दाट झुबक्याच्या बुडाशी उंदीर-बेडूक आसरा घेऊ शकतात, आणि ते आले की त्यांच्या मागावर कोण येतं हे सांगायला नको. म्हणून दाराजवळ आणि पायवाटेला लागून लावू नये, बुडाशी पालापाचोळा साठू देऊ नये, एवढं मी पाळतो.

एक इशारा मात्र गांभीर्याने घ्या. याच गवताचा हिरवा प्रकारही मिळतो, थोडा स्वस्त. तो बी धरतो आणि वाऱ्यावर पसरतो. हवाईमध्ये त्याने माळच्या माळ व्यापले आणि वाळल्यावर वणव्यांना खाद्य पुरवलं. आपल्याकडे माळरानाला तसाच उपद्रवी परदेशी झाडोऱ्यांचा ताप थोडा नाही. जांभळ्या प्रकारात रुजणारं बी सहसा धरत नाही, त्याची वाढ ठोंब फोडूनच करतात. घ्यायचा तर तोच घ्या.

अरोकेरियाची गोष्ट निराळी. तीन फुटांचं झाड गवताच्या एका रोपाच्या कितीतरी पट किमतीला पडलं, आणि इतक्या महिन्यांत त्याने फांद्यांचा जेमतेम एक नवा थर दिला. पण काय देखणं झाड आहे! अगदी मोजून मापून काढल्यासारखे थर, बारा महिने हिरवं, पानगळीचा कचरा नाहीच म्हणा. पावसाळ्यातल्या वाऱ्याने त्याचं काही वाकडं केलं नाही. समुद्राचा खारा वाराही ते सोसतं, त्यामुळे कोकणात किंवा गोव्यात घर असेल तर याचा विचार जरूर करा. एप्रिलमध्ये कोवळे शेंडे थोडे करपले; पहिल्या उन्हाळ्यात हिरवी जाळी धरली तर तेही टळेल. पाणी साचलं तर मुळं कुजतात, कुंडीच्या भोकाकडे लक्ष हवं. घरात अंधाऱ्या कोपऱ्यात ठेवलं की खालचे थर वाळतात, आणि गेलेली फांदी त्या जागी परत येत नाही. वरचा शेंडाही कधी कापू नका, झाडाचा घाटच जातो.

आमचं झाड अजून मोठ्या कुंडीतच आहे. बायकोला ते त्या पट्ट्यात, जमिनीत हवं आहे. माझा ठाम विरोध आहे. मूळ प्रदेशात हे झाड पन्नास-साठ मीटरपर्यंत जातं. आपल्याकडे तेवढं नाही गेलं तरी दुमजली घराच्या वर सहज डोकं काढतं. त्यातून कुक पाइनला तिरकं वाढायची खोड आहे. 2017 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात पाच खंडांतली 256 झाडं मोजली, तेव्हा ती सरासरी साडेआठ अंशांनी कललेली आढळली, आणि कल विषुववृत्ताकडे. म्हणजे आपल्याकडे दक्षिणेला. झाडाच्या दक्षिणेला घर असेल तर काय होईल, विचार करा.

आणि एकदा मोठं झाल्यावर ते नको झालं तर? शहरी हद्दीत 1975 चा झाडांच्या जतनाचा कायदा लागू होतो. स्वतःच्या अंगणातलं झाडही वृक्ष प्राधिकरणाच्या परवानगीशिवाय तोडता येत नाही, आणि ते योग्यच आहे. गवत मात्र नको झालं तर रविवारच्या सकाळी कुदळीने उपटता येतं. भिंतीलगतच्या अरुंद पट्ट्यासाठी मला हा फरक रंगरूपापेक्षा मोठा वाटतो.

गुणच द्यायचे तर त्या जागेसाठी गवताला पाचपैकी चार. एक गुण हिवाळ्यातल्या अवकळेचा कापला. अरोकेरियाला कुंडीत साडेतीन. जमिनीत लावायला चहूबाजूंनी निदान वीस फूट मोकळी जागा असेल तर साडेचार, पण माझ्याकडे ती नाही.

घेणार असाल तर गवताची रोपं पावसाळ्याआधी घ्या, हिवाळ्यात ती मेल्यासारखी दिसतात आणि पारख होत नाही. दोन रोपांत अडीच फूट अंतर ठेवा. पुढच्या वर्षी ठोंब फोडून शेजारपाजारी वाटण्याइतकी होतात, त्यामुळे सुरुवातीला निम्मीच आणलीत तरी चालेल. अरोकेरिया घेताना मधला शेंडा शाबूत आहे ना ते बघा आणि कुंडीत एकच खोड आहे याची खात्री करा. भरगच्च दिसावं म्हणून एका कुंडीत तीन-चार रोपं कोंबलेली असतात. वर्षा-दोन वर्षांत ती एकमेकांना ढकलायला लागतात, आणि तेव्हा मुळं सोडवायला गेलं तर एखादं दगावतंच.