एरंडवण्यातला साल्सा-बचाता सोशल: नाच भारी, पण दारातला तो साऊंडबॉक्स!

कर्वे रोडच्या आत एका जुन्या कार्यालयाच्या वरच्या मजल्यावर महिन्यातल्या एका शनिवारी साल्सा-बचाता या लॅटिन जोडीनाचांचा सोशल असतो. परवा पाचव्यांदा जाऊन आले, म्हणून एकदाचं लिहितेच. खाली कुणाची तरी मुंज नाहीतर साखरपुडा, वर आम्ही. जिन्यात मसालेभाताचा वास आणि कोंगा ढोलांचा आवाज एकदमच येतो, आणि खालचे आजोबा दर वेळी विचारतात, वरती पण आपल्यातलंच कार्य आहे का?

सोशल म्हणजे काय हे ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. क्लास नाही, स्पर्धा नाही, स्टेज नाही. कुणालाही जाऊन विचारायचं, एक गाणं नाचायचं, थँक्यू म्हणायचं, पुढच्या गाण्याला दुसरा जोडीदार. सात ते आठ नवीन लोकांना बेसिक शिकवतात आणि आठ ते दहा नुसता नाच, दहाच्या ठोक्याला स्पीकर बंद. म्हणजे बघा, नाटकाचं तिकीट काढलं तर आपण बघणारे आणि नाचणारे दुसरे, इथे मात्र तिकीट काढून आलेली माणसं हाच कार्यक्रम. ती चांगली आली तर संध्याकाळ चांगली, नाहीतर डीजेने डोकं आपटलं तरी काही होत नाही. म्हणून तिकिटाच्या दरावर एवढं लिहितेय, चिंगूसपणा म्हणून नाही (तो आहेच, पण ते वेगळं).

आधी इथे सरसकट ३०० होते, गेल्या महिन्यापासून दाराशी पाटी आली आहे. हात तंग असेल तर २००, खर्च निघायला ३००, दुसऱ्याचाही थोडा भार उचलणार असाल तर ५००, आणि खाली लाल स्केचपेनने 'कोणी काही विचारणार नाही'. मला वाचूनच बरं वाटलं. यथाशक्ती म्हणून नुसता डबा ठेवला असता तर आपल्याकडे त्यात दहाच्या नोटा पडल्या असत्या हे आपण सगळे जाणतो, आकडे समोर लिहिले की माणूस निदान त्यातला एक निवडतो.

पण पाटीच्या बाजूलाच क्यूआर कोड आणि त्याचा साऊंडबॉक्स! माझ्या पुढे एक कॉलेजचा मुलगा होता, त्याने हळूच स्कॅन केलं आणि डब्यातून खणखणीत आवाज, 'दोनशे रुपये प्राप्त झाले'. अख्ख्या जिन्याला कळलं. तो बिचारा शूज बदलायच्या निमित्ताने खालीच बसला. त्याच्या नंतरच्या बाईंचे 'पाचशे रुपये प्राप्त झाले' आणि त्या चक्क मागे वळून हसल्या. मग माझा नंबर. घरून ३०० ठरवून निघाले होते आणि बोटांनी ५०० टाईप केलं. गणपतीची वर्गणी मागायला पोरं आली की आपण पावतीपुस्तकात वरच्या फ्लॅटवाल्याचा आकडा बघूनच आपला ठरवतो ना, अगदी तेच. आयोजकांनी हे मुद्दाम केलेलं नाही हे मला पक्कं माहीत आहे, पण कोणी विचारणार नाही असं लिहायचं आणि शेजारी दवंडी पिटणारा ठेवायचा याला काय म्हणायचं.

हीच पद्धत मी बाहेर बघितली आहे म्हणून जास्त खटकलं. ऑफिसच्या कामासाठी ऑनसाइटला अमेरिकेत मॅसॅच्युसेट्सला असताना तिथल्या एका कॉन्ट्रा डान्सला जायचे. लांब समोरासमोर रांगा, फिडलवाला बँड आणि काय करायचं ते माईकवरून सांगणारा कॉलर, बराचसा आपल्या गोफासारखा मामला, फक्त दोऱ्या नाहीत. तिथे पण दारात दोन-तीन आकडे लिहिलेले आणि पैसे नसतील म्हणून कोणाला परत पाठवत नाही असं स्पष्ट म्हटलेलं. पैसे खोक्यात टाकायचे, टेबलावरची बाई बघायची सुद्धा नाही, नाव लिहून घेतलं की झालं. दारावर बसणारा आणि शेवटी खुर्च्या उचलणारा फुकट आत. त्या गल्ल्यातून हॉलचं भाडं, बँड आणि कॉलर. तिकडे बँड असतो, त्यांचे पैसे सुटलेच पाहिजेत, तरी त्यांना जमतं.

आता हिशोब. निघायच्या आधी आयोजक मुलगी खुर्च्या लावत होती, मी पण दोन उचलल्या आणि विचारलं, तर बिनधास्त सांगितलं तिने. 'ताई, हॉल ८०००, साऊंड ४०००, डीजे ३०००, पाणी आणि सरबत १२००, झाडूवाल्या मावशींना ५००.' झाले १६,७००. गाण्यांच्या लायसन्सचे वेगळे. ३०० नी साठ माणसं आली तर १८,००० जमतात म्हणजे कसंबसं, आणि पावसात चाळीसच आली तर १२,००० आणि हिच्या खिशातून जवळजवळ पाच हजार. आणि यातलं काहीच माणसांप्रमाणे कमी होत नाही, हॉलवाला चाळीसच आले म्हणून अर्धं भाडं घेत नाही. म्हणून तिला २०० वाले पण हवे आहेत. रिकाम्या हॉलपेक्षा दोनशे देऊन चांगला नाचणारा मुलगा केव्हाही परवडतो, कारण त्याच्यामुळे माझ्यासारख्या दहा जणी पुढच्या महिन्यात परत येतात. हे गणित रेस्टॉरंटवाल्यांना कधी कळणार देव जाणे.

रेस्टॉरंटचं काढलंच आहे तर सांगते. बाणेरकडे एका ठिकाणी साल्सा नाईटला गेले होते, नाव नको. लेडीज फ्री, एकट्या पुरुषाला १०००, त्यातले ८०० खाण्यापिण्यावर वसूल करायचे. आता साल्सावाले लोक पीत नाहीत हो! दोन पेग मारून स्पिन घेऊन दाखवा बघू. सगळे पाणी पितात, हॉटेलवाला तोंड वाकडं करतो आणि पुढच्या वेळी कव्हर, म्हणजे दारातले पैसे, वाढवतो, मग नाचणारे अजून कमी येतात. शेवटी त्या आठशेचं करायचं काय म्हणून लोक नऊला चिली पनीर मागवतात आणि तेलकट हात घेऊन फ्लोअरवर येतात. मला दारातला मुलगा म्हणाला, 'काकू, तुमचं फ्री आहे.' मी लीड करते (पुढची स्टेप ठरवणारा तो लीड, त्याच्या इशाऱ्यावर नाचणारा तो फॉलो)! दोन वर्षं झाली, फॉलोपेक्षा लीडच जास्त नाचते. माझ्या ऑफिसातला एक जण फॉलो शिकतोय, त्याने हजार भरले आणि मी फुकट आत. आणि फुकटची अजून एक गंमत, हजार भरून आलेल्यांपैकी काहींना वाटतं की आतल्या बायका त्या हजारातच आल्या आहेत, मग नाही म्हटलं की चेहरे पडतात. नवरात्रातल्या दांडियाच्या पासलाही हाच रोग, कपल पास स्वस्त आणि बऱ्याच ठिकाणी एकट्या मुलाला एन्ट्रीच नाही.

इथे ते काही नाही, बाई असो बुवा असो, लीड असो फॉलो असो, तीच पाटी. त्यासाठी माझ्याकडून पैकीच्या पैकी.

एका ग्रुपमध्ये कोणीतरी म्हणालं की ५०० देऊन आम्हाला जास्तीचं काय मिळतं. काहीच नाही! सवाईला भारतीय बैठक स्वस्त आणि खुर्ची महाग, ते बरोबर आहे कारण खुर्चीला पाठ टेकता येते. इथे दोनशेवाला आणि पाचशेवाला एकाच फरशीवर घसरतात. पाचशेवाल्यांना पुढची रांग नाहीतर रंगीत रिस्टबँड वगैरे सुरू केलं तर मी यायची बंद होईन हे आत्ताच सांगून ठेवते.

बाकी सगळं पटापट. फरशी जुनी मोझॅकची, थोडी पावडर टाकली की पाय छान फिरतो पण कोपऱ्यात एक फरशी उचललेली आहे, तिकडे जाऊ नका. पंखे सहा, त्यातले चालणारे चार, जास्तीचा टीशर्ट आणा. डीजे दोन साल्सा दोन बचाता असं धरून लावतो, किझोंबा (संथ जोडीनाच) अगदी शेवटी एखादं. परवा मध्येच रुएदा झाला, सगळे गोलात आणि एकाच्या हाकेवर जोडीदार बदलायचे, मी दोनदा चुकून एकाच माणसाकडे गेले. नवीन लोकांना जुने लोक स्वतःहून विचारतात, हे पुण्यात कमी ठिकाणी बघितलं. सरबत घरचं वाटतं. पार्किंग विसरा, नळस्टॉपला मेट्रोतून उतरून चालत या.

ऑनलाइन अर्ली बर्ड, म्हणजे आधी काढायचं तिकीट, २५० आहे पण फक्त गुरुवारपर्यंत, वर ॲपची फी. ते मला फार पटलं नाही. ज्याचं पुढच्या शनिवारचं आधीपासून ठरलेलं असतं त्याला सूट, आणि ज्या पोराची शिफ्ट शुक्रवारी रात्री कळते तो दारात येऊन ३०० भरणार, हे उलटंच झालं की. त्यापेक्षा नियमित येणाऱ्यांसाठी सहा वेळांचं कार्ड काढा, मी आज घेते. आयोजक मुलीला म्हटलं तर म्हणाली, 'ताई, सहा महिने हॉल मिळेल याचीच खात्री नाही, कार्ड कुठून काढू?' लग्नसराईत हॉलवाला यांना हाकलतो म्हणे. बरोबर आहे, गप्प बसले.

पाचपैकी साडेचार. अर्धा त्या डब्याचा कापला. निघताना दारावरच्या मुलाला म्हटलं, अरे तो आवाज तरी बंद कर, आणि रोख टाकायला एक खोकं ठेव. तो म्हणाला बटण कुठलं तेच सापडत नाहीये काकू, आणि त्याने डबा सरळ उचलून बॅगेत घातला आणि चेन लावली. दहाला पाच मिनिटं कमी असताना कुणीतरी नुसतं शेवटच्या दोन गाण्यांसाठी धावत आलं, स्कॅन केलं, आणि बॅगेतून दबक्या आवाजात आलं, 'तीनशे रुपये प्राप्त झाले'.