तिबेटी मॅस्टिफच्या नावाखाली

६५,००० रुपये मोजून आम्ही जे पिल्लू घेतलं ते तिबेटी नव्हतं, मॅस्टिफ नव्हतं आणि विकणाऱ्यानं सांगितलं तेवढ्या वयाचंही नव्हतं. पैसे गेले ते गेले. पण जुन्नर, आंबेगाव, शिरूर या पट्ट्यात सध्या असली दांडगी कुत्री घ्यायची टूम निघाली आहे आणि विकणाऱ्यांचा डाव बहुतेक ठिकाणी हाच असतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आमची वस्ती उसाला लागून. बिबट्याला आमच्याकडे वाघच म्हणतात. गेल्या हंगामात शेजारचा ऊस तुटला आणि एका पहाटे गोठ्यातली गाभण शेळी गेली. मग मोबाइलवर राखणीच्या कुत्र्यांचे व्हिडिओ बघायला लागलो. एक बघितला की पुढचे दहा आपोआप येतात: अलाबाई, कंगाल, कॉकेशियन शेफर्ड आणि मानेवर सिंहासारखी आयाळ असलेले तिबेटी मॅस्टिफ. त्यातल्याच एका जाहिरातीवरचा नंबर लावला.

माणूस बोलायला गोड. ‘सर, वाघाला भिडणारी जात आहे, पण लवकर सांगा, बंदी येतेय.’ केंद्र सरकारनं मार्च २०२४ मध्ये कुत्र्यांच्या २३ जातींवर बंदी घालण्याबद्दल राज्यांना पत्र पाठवलं होतं, त्यात कंगाल, कॉकेशियन, मॅस्टिफ सगळे होते. ते पत्र कर्नाटक उच्च न्यायालयानं पुढच्याच महिन्यात रद्द केलं. पण गिऱ्हाइकाला घाई करायला हा माणूस अजून तेच पत्र पुढे करतो. आई-बाप बघायला येतो म्हटलं तर म्हणाला, ‘पार्वोची साथ आहे, बाहेरच्यांना केनेलमध्ये घेत नाही.’ पार्वो म्हणजे पिल्लांचा जीवघेणा, साथीचा रोग. यात अडकायला होतं, कारण चांगले ब्रीडरसुद्धा लहान पिल्लांजवळ बाहेरच्यांना जाऊ देत नाहीत. फरक एवढाच, की ते लस पूर्ण झाल्यावर बोलावतात किंवा निदान आईला बाहेर आणून दाखवतात. यानं दाखवला फक्त व्हिडिओ. १५,००० बुकिंगचे ऑनलाइन घेतले आणि पिल्लू दिलं कुठे, तर चाकणजवळ हायवेवरच्या एका हॉटेलच्या पार्किंगमध्ये. तो स्वतः आलाच नाही. एक पोरगा पुठ्ठ्याच्या खोक्यात पिल्लू, लसीकरणाचं कार्ड आणि लॅमिनेट केलेलं सर्टिफिकेट देऊन, उरलेले पैसे मोजून घेऊन गेला.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी पिल्लाला टेबलावर ठेवलं, अंगठ्यानं ओठ वर केला आणि मला जवळ बोलावलं. पुढचे दात आणि सुळे होते, मागच्या दाढा हिरडीतून नुसत्या डोकावत होत्या. ‘आठ आठवड्यांचं म्हणताय? हे जेमतेम पाच आठवड्यांचं आहे.’ मग त्यांनी चिपचा (ओळखीसाठी कातडीखाली बसवतात त्या मायक्रोचिपचा) स्कॅनर खांद्यांच्या मधून, मानेवरून, दोन्ही कुशींवरून फिरवला. एकदाही वाजला नाही. सर्टिफिकेटवर मात्र चिपचा नंबर ऐटीत छापलेला. डॉक्टरांनी पेनाच्या टोकानं एकेक आकडा मोजला, तर भरले चौदा. चिपचा नंबर पंधरा आकडी असतो. कार्डावर रेबीजच्या लसीचं स्टिकरही होतं, आणि ती लस साधारण तीन महिन्यांच्या आत देत नाहीत. म्हणजे जास्त लसी दाखवायच्या नादात त्यांनी कार्डच खोटं ठरवून ठेवलं होतं.

तिबेटी मॅस्टिफची मादी बहुधा वर्षातून एकदाच माजावर येते, तेही पावसाळा सरल्यावर, थंडीच्या तोंडाशी. पिल्लं होतात ती भर थंडीत, डिसेंबर-जानेवारीच्या सुमाराला. आम्हाला विकलेल्या पिल्लाची जन्मतारीख मे महिन्यातली होती. अपवाद असतील, पण ज्याच्याकडे बारा महिने ‘ताजी’ पिल्लं तयार असतात, त्याच्याकडे दुसरं काहीही असेल, तिबेटी मॅस्टिफ नसावा. चीनमध्ये या जातीचं वेड शिगेला पोचलं होतं तेव्हा एकेका कुत्र्याचे कोटींत सौदे झाल्याच्या बातम्या येत. त्याच देशात २०१३ साली हेनान प्रांतातल्या एका प्राणिसंग्रहालयानं तिबेटी मॅस्टिफला आफ्रिकन सिंह म्हणून पिंजऱ्यात बसवलं होतं. ‘सिंह’ भुंकला तेव्हा लोकांना कळलं. त्यांना निदान खरा मॅस्टिफ तरी बघायला मिळाला.

आठवड्याच्या आत पिल्लू मलूल झालं. आधी उलट्या, मग रक्ताची जुलाब आणि तो कुजकट वास, जो एकदा नाकात बसला की विसरता येत नाही. पार्वोच. त्यावर थेट औषध नाही. सलाइन, उलटी थांबवायची इंजेक्शनं आणि वाट बघणं. लागण झाल्यापासून लक्षणं दिसायला साधारण तीन ते सात दिवस लागतात, म्हणजे रोग बहुधा तिकडूनच घेऊन आलं होतं. विकणाऱ्याला फोन केला तर, ‘सर, तुम्ही म्हशीचं दूध पाजलं असणार.’ त्यानंतर नंबर ब्लॉक. पिल्लू जगलं, आईच्या चिकाटीनं. तिनंच त्याचं नाव मोत्या ठेवलं.

यानंतरची फसवणूक जास्त लागली, कारण ती मोत्याच्या अंगावर झाली. तो चार महिन्यांचा असताना एका ट्रेनरनं ‘गार्ड ट्रेनिंग’चं पॅकेज गळ्यात मारलं. त्याच्याकडेच ठेवायचं, महिन्याचे १२,००० आणि वर कॅल्शियमच्या बाटल्यांचे वेगळे पैसे. मोठ्या हाडाच्या पिल्लाला वरून जास्तीचं कॅल्शियम दिलं तर हाडं बळकट होत नाहीत, वाढीत बिघडतात. हे डॉक्टरांनी सांगितलं, पण तोवर दोन बाटल्या पोटात गेल्या होत्या. मोत्या पोत्याला चावतोय असे व्हिडिओ ट्रेनर पाठवायचा. प्रत्यक्षात साखळीला बांधून, काठीनं डिवचून त्याला चिडकं केलं जात होतं. घरी आला तो हात वर केला की अंग चोरायचा आणि शेळी जवळ आली की गुरगुरायचा. शेळ्या राखायला आणलेलं कुत्रं शेळ्यांवरच.

दरवर्षी आमच्या वावरात मेंढ्या बसवणारे धनगर मामा त्याला बघून म्हणाले, ‘याला चावायला शिकवलं, राखायला कुणी शिकवायचं?’ राखणीचं कुत्रं असं तयारच होत नाही. पिल्लू दोन महिन्यांचं झालं की जनावरांच्या वासात, त्यांच्या शेजारी वाढवायचं. पुढचे दोन महिने फार मोलाचे. करडांचा पाठलाग केला की लगेच थांबवायचं आणि शांत बसलं की कौतुक करायचं. मोठ्या जाती दोन वर्षांच्या होईपर्यंत पोरकटच असतात, त्याआधी त्यांच्यावर कळप सोडू नये. आणि या धंद्याची सगळी गोम त्या दोन वर्षांत आहे. कुत्र्याचा कस लागेपर्यंत विकणारा नाव बदलून मोकळा झालेला असतो. म्हणून ‘मोठं झाल्यावर बघा’ या बोलीवर एक पैसा देऊ नका. आज तपासता येईल तेवढ्याचेच पैसे द्या. आई डोळ्यांनी बघा. पैसे देण्याआधी, डॉक्टरांसमोर, चिप स्कॅन करून घ्या आणि तो नंबर केनेल क्लब ऑफ इंडियाकडे (जातिवंत कुत्र्यांची नोंद ठेवणारी संस्था) स्वतः विचारा, विकणाऱ्यानं दिलेल्या फोन नंबरावर नाही. कुत्र्यांच्या पैदास-विक्रीच्या २०१७ च्या नियमांनुसार ब्रीडरची राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी लागते आणि आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही. नोंदणीचा कागद मागितला की निम्मे विक्रेते फोनच ठेवतात.

वाघाचं म्हणाल तर कुठलीच जात एकटी पुरत नाही. अकोल्याच्या, म्हणजे आपल्या नगरकडच्या अकोले तालुक्याच्या भागात बिबट्याच्या खाण्याचा अभ्यास झाला, त्यात सगळ्यात मोठा वाटा कुत्र्यांचाच निघाला. हिमाचलातले गद्दी मेंढपाळ आपल्या कुत्र्यांच्या गळ्यात लोखंडी काट्यांचा पट्टा उगाच बांधत नाहीत. आम्ही शेवटी गोठ्याला चारी बाजूंनी आणि वरूनही जाळी मारली. मोत्या रात्री आतच असतो, शेळ्यांपासून वेगळ्या कप्प्यात. भुंकून उठवतो, तेवढं पुष्कळ.

तक्रारीचं म्हणजे, ऑनलाइन पैसे गेले की त्याच दिवशी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा. पैसे खात्यातून काढून घेतले जाण्याआधीच गोठवता येतात. आम्ही पिल्लाच्या आजारपणात गुंतलो आणि फोन केला तोवर खातं रिकामं होतं. पोलिसांत अर्ज दिलाय, पूर्वीचं ४२० म्हणजे आताचं भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८. खातं तिसऱ्याच माणसाच्या नावावर निघालं. चॅट, जाहिरातीचे स्क्रीनशॉट, तो चौदा आकडी नंबर आणि डॉक्टरांनी वय लिहून दिलेला कागद जोडलाय. ट्रेनरविरुद्ध ग्राहक आयोगात जाणार आहे, कारण त्यानं निदान पावती तरी दिली होती. याच माणसांकडून आणखी कुणी घेतलं असेल तर कार्ड आणि सर्टिफिकेट फेकू नका, लस दिल्याच्या तारखा आणि स्टिकरवरचे बॅच नंबर जुळवून बघायचे आहेत.