दुसरी बॅटरी: नागपुरात एकदा, वडशात एकदा

मी ढोरांचा डॉक्टर. सरकारी नोकरीतून निवृत्त झालो, तरी गडचिरोली जिल्ह्यातल्या कुरखेडा-कोरचीकडच्या गावांतून फोन यायचे थांबले नाहीत. माझी गाडी 2014 ची थार, डिझेल सीआरडीई (कंप्यूटरवर चालणारं डिझेल इंजिन), फोर बाय फोर. हौस म्हणून घेतली नव्हती. पावसाळ्यात इकडच्या नाल्यांत दुसरं काही उतरत नाही म्हणून घेतली. मागचं एक बाकडं काढून तिथं 40 लिटरचा बारा व्होल्टचा फ्रिज ठेवलाय. घटसर्प, फऱ्या, पीपीआर अशा ढोरा-शेळ्यांच्या रोगांच्या लसी 2 ते 8 अंशांत राहाव्या लागतात आणि आमच्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या वर जातो. थर्मासमधला बर्फ दुपारपर्यंतही टिकत नाही.

फ्रिज एकाच बॅटरीवर लावला आणि व्हायचं तेच झालं. एका गावात अडलेल्या म्हशीचं काम रात्री दोन वाजता आटोपलं, गाडीला चावी मारली तर नुसतं कट् कट्. जुन्या जीपला चार पोट्टे लावून ढकललं की काम व्हायचं. सीआरडीईचं तसं नाही. कंप्यूटरला आणि इंजेक्टरला करंटच मिळाला नाही तर गाडी कितीही ढकला. शेवटी ट्रॅक्टर आणून जंपर लावला. त्याच आठवड्यात दुसरी बॅटरी बसवायचं ठरवलं.

नागपूरला गेलो. दुकानाचं नाव सांगत नाही. मोठं दुकान, काचेचं दार, आत एसी, भिंतीवर विंच आणि एलईडी बार मांडलेले. पोरगा म्हणाला, "सर, चार तासांत करून देतो." चार तासांतच केलं, खोटं कशाला बोलू. 19,000 घेतले. ड्रायव्हर सीटच्या मागे टबमध्ये, म्हणजे मागच्या पत्र्याच्या भागात, इन्व्हर्टरला लावतात तसली 100 एएचची (अँपिअर-तासांची) पाण्याची बॅटरी ठेवली, समोरून एक लाल वायर ओढली आणि मध्ये एक रिले, म्हणजे करंटनं आपोआप जोडणारा-तोडणारा स्विच, टाकला. "इग्निशन ऑन केलं की दोन्ही जुळणार, ऑफ केलं की सुटणार. ऑटोमॅटिक!" बॅटरी किती उतरली की फ्रिज बंद व्हायचा, ते फ्रिजचं कटऑफ सेटिंग स्वतःच 'लो'वर केलं. बॅटरी आता वेगळी आहे, कितीही उतरू द्या, म्हणे.

पहिल्या महिन्यातच गाडीत आंबूस वास यायला लागला. मला वाटलं, कुठली तरी बाटली फुटली. मग पँटला चाळणीसारखी भोकं पडली. बायकोनं विचारलं, कोणत्या ढोरानं खाल्ली? इथल्या रस्त्यावर गाडी जशी उसळते तशी बॅटरीतलं ॲसिडही उसळत होतं आणि झाकणांतून बाहेर पडत होतं. शिवाय पाण्याची बॅटरी चार्ज होताना हायड्रोजन सोडते. ती माणसं बसतात त्या बंद जागेत ठेवायचीच नसते. दुकानदाराला हे ठाऊक असायला हवं होतं. मला उशिरा कळलं.

खरा फटका जुलैत बसला. कोरचीच्या पलीकडे एका गावात गेलो आणि संध्याकाळी नाल्याला पूर आला. दोन रात्री तिकडंच. पायी निघावं तर गाववाले जाऊ देईनात, बाजूच्या जंगलात हत्ती होते. 2021 मध्ये छत्तीसगडहून हा कळप आमच्या जिल्ह्यात आला, तेव्हापासून रात्रीचं रस्त्यानं चालणं बंदच झालंय. म्हटलं ठीक आहे, फ्रिजची बॅटरी वेगळी, गाडीची वेगळी, चिंता नाही. छपरीत खाट टाकून झोपलो. तिसऱ्या दिवशी पाणी उतरलं, चावी फिरवली, तर कट् सुद्धा नाही. मीटर लावून पाहिलं, समोरची 10 व्होल्टच्या खाली आणि मागचीही तेवढीच. दोन्ही एकदम मेल्या होत्या. फ्रिज उघडला तर आत कोमट वारा. घटसर्पाच्या 60 डोसची लस तिथंच खड्ड्यात पुरली.

एकोणीस हजार देऊन एकीच्या ऐवजी दोन बॅटऱ्या बसवल्या आणि दोन्ही एकत्र मारल्या, हे मला पचेना. नागपूरला फोन केला. "सर, आपण जास्त लोड टाकला असेल." विषय संपला.

वडशाचं (देसाईगंजचं) दुकान मला एका ट्रकवाल्यानं दाखवलं. दुकानाला पाटी नाही. ती वादळात उडाली, मालकानं पुन्हा लावली नाही. पत्र्याचं शेड, समोर लिंबाचं झाड, झाडाखाली नेहमी एखादी ट्रॅक्टरची डायनॅमो उघडून ठेवलेली. मालक पन्नाशीचा आहे, चष्म्याची दांडी वायरनं बांधलेली. दिवाळीनंतर हाच माणूस झाडीपट्टीच्या, म्हणजे आमच्या पूर्व विदर्भाकडच्या, नाटकांना लाइट लावतो. वडसा म्हणजे नाटक मंडळींचं गाव, हे आपल्याकडे कोणाला सांगायला नको. त्यामुळे करंटशी त्याची दोस्ती जुनी आहे.

त्यानं बॅटरीकडं पाहिलंच नाही. पहिला प्रश्न: "का चालवाचं आहे जी यावर?" फ्रिज दाखवला. त्यानं क्लॅम्प मीटर काढून फ्रिजच्या वायरला लावलं: 4.6 अँपिअर. मग घड्याळ पाहत बसला. कॉम्प्रेसर किती मिनिटं चालतो, किती मिनिटं बंद राहतो. चहा येईपर्यंत आम्ही दोघं एका फ्रिजकडं टक लावून बसलो होतो, बघणाऱ्याला वेडे वाटलो असू. सावलीत जवळपास अर्धा वेळ चालू, अर्धा वेळ बंद. म्हणजे सरासरी सव्वादोन अँपिअर. रात्रीचे नऊ तास धरले तर वीस एएच. "मंग शंभरची कायले पायजे? पासष्टची टाकू, पण बिनपाण्याची."

मग त्यानं नागपूरचा रिले काढला आणि स्क्रू ड्रायव्हरनं त्याचं प्लास्टिकचं टोपण उचकटलं. आत तांब्याची दोन बारीक टोकं होती, एकमेकांना डागून बसलेली. नखानं ढकलून पाहिली, सुटेनात. "चिपकला आहे जी. हॉर्नचा रिले आहे हा." इग्निशन चालू केल्याबरोबर दोन्ही बॅटऱ्या जुळायच्या, त्यानंतर मी स्टार्टर मारायचो. स्टार्टर शेकड्यांनी अँपिअर खेचतो, त्यातला काही करंट मागच्या बॅटरीतून या बिचाऱ्या 40 अँपिअरच्या रिलेतून जायचा. असं रोज होत होतं. एके दिवशी टोकं वितळून जोडली गेली आणि तेव्हापासून गाडी बंद असली तरी दोन्ही बॅटऱ्या एकच झाल्या. फ्रिजनं दोन्ही मिळून खाल्ल्या. कटऑफ 'लो'वर असल्यामुळे फ्रिज वेळेवर थांबलाही नाही. वायरला फ्यूज एकही नव्हता. टबच्या पत्र्यावर घासून वायर उघडी पडली असती तर मी हे लिहायला राहिलो नसतो.

त्यानं लावला तो व्होल्टेजवर चालणारा रिले, 140 अँपिअरचा. गाडी सुरू होऊन समोरच्या बॅटरीवर 13.3 व्होल्ट आले की जोडतो, 12.8 च्या खाली गेलं की सोडतो. चावीशी त्याचा संबंध नाही. स्टार्टर मारताना व्होल्टेज पडलेलंच असतं, म्हणून त्या वेळी तो आपोआप सुटलेला असतो. गाडी सुरू झाली, अल्टरनेटरनं (इंजिनवर चालून बॅटरी भरणाऱ्या जनरेटरनं) 14 च्या वर नेलं की बारीकसा टक् असा आवाज येतो. हा आवाज ऐकायची आता मला सवय लागली आहे. आला नाही तर चुकल्यासारखं होतं.

लिथियमचं मी विचारलं होतं, आजकाल सगळे तेच म्हणतात. तो म्हणाला, या रिलेवर जमणार नाही. मग घरी येऊन वाचलं आणि पटलं. लिथियम फॉस्फेटची बॅटरी नुसती ठेवली तरी 13.2-13.3 दाखवते. म्हणजे गाडी बंद झाल्यावर रिले सुटायचं नावच घेणार नाही. आणि ती अल्टरनेटरकडून बेताल करंट ओढते. तिला मध्ये वेगळा डीसी-डीसी चार्जर लागतो, खर्च दुप्पट-तिप्पट होतो. ज्याला वजन वाचवायचंय त्यानं जरूर करावं. माझ्या गाडीत तसंही अर्धं जनावर भरेल इतकी औषधं असतात, वीस किलोच्या बॅटरीनं काय फरक पडणार.

वायरीबद्दल थोडं जास्त सांगतो, कारण इथं फसवणूक होते. नागपूरवाल्यानं 6 स्क्वेअर एमएमची वायर टाकली होती. समोर 14.2 व्होल्ट, मागे पोचता पोचता 13.7. त्यामुळे मागची बॅटरी कधी पूर्ण भरतच नव्हती. वडशाच्या माणसानं 25 स्क्वेअरची वेल्डिंग केबल आणली. आणल्या आणल्या ब्लेडनं टोकाची एक तार खरवडून दाखवली: आतूनही लाल. बाजारात वरून तांब्याचा मुलामा आणि आतून ॲल्युमिनियम अशी केबल मिळते, खरवडली की पांढरी निघते. केबलच्या टोकाचे लग त्यानं सोल्डरनं नाही, हायड्रॉलिक क्रिम्परनं दाबले आणि दाबल्यावर दोन्ही हातांनी झटका देऊन ओढून पाहिले. फायरवॉलच्या भोकात रबरी ग्रोमेट, पुढे सगळी केबल फ्लेक्झिबल पाइपात. आता मागेही 14.1 येतात.

आता त्याच्या चुका. फ्यूज त्यानं समोरच्या बॅटरीजवळ एकच लावला. मी म्हटलं, मागेही लाव. "मागून कुठून येते करंट?" अरे, मागे बॅटरीच ठेवलीय ना! केबल मध्येच घासली तर करंट दोन्ही बाजूंनी येणार. त्यानं मान डोलवली, पण लावला नाही. मी घरी आल्यावर रात्री साडेनऊला त्याचा फोन, "डॉक्टरसाहेब, तुमचंच बरोबर आहे, उद्या या." दुसऱ्या दिवशी 100 अँपिअरचा दुसरा फ्यूज मागच्या टर्मिनलला लागला. अर्थिंगचंही तसंच. टबच्या रंगावरच बोल्ट मारला होता. महिन्याभरात मागचं व्होल्टेज कमी दिसायला लागलं, तेव्हा रंग खरवडून थेट चेसिसला जोडून घेतलं. त्यासाठी पुन्हा एक चक्कर. टर्मिनलला लाल टोपण दिलं नाही, मी सायकलची ट्यूब कापून घातली.

आणि उशीर! दोन दिवस म्हणाला, अकरा दिवस लागले. नोव्हेंबरात गाडी दिली हे माझं चुकलं. भाऊबीज झाली की गावोगावी मंडई (जत्रा) सुरू होते, मंडई म्हणजे रात्रभर नाटक आणि नाटक म्हणजे हा माणूस गायब. सहाव्या दिवशी गेलो तर माझ्या गाडीच्या बोनेटवर रंगमंचाचे लाल-निळे फिल्टर वाळत घातलेले. रागवावं की हसावं कळेना. त्या अकरा दिवसांत मी भाच्याच्या मोटरसायकलवर फिरलो, कमरेला अजून आठवण आहे.

हिशोब असा: बॅटरी 7,200, रिले 2,600, वायर-लग-फ्यूज 2,900, अँगलची फ्रेम 700, मजुरी 1,200. एकूण 14,600. पक्कं बिल मागितलं तर वहीच्या पानावर लिहून दिलं. रिलेला वॉरंटी नाही. नागपूरची पाण्याची बॅटरी आता घरी इन्व्हर्टरला लावली आहे, तिथं ती गुणानं चालते.

तेव्हापासून एक उन्हाळा आणि एक पावसाळा निघाला. मे महिन्यात दुपारी कॉम्प्रेसर जवळजवळ थांबतच नाही, तेव्हा मी गाडी झाडाखाली लावतो आणि फ्रिजवर ओलं पोतं टाकतो. फ्रिजचा कटऑफ आता 'हाय'वर आहे. रात्री नऊला 12.7 असतं, सकाळी सहाला फ्रिज चालू असताना 12.3. म्हणजे चार्ज अर्ध्याच्या बरंच वर. त्याच्या खाली मी जाऊ देत नाही. समोरची बॅटरी 12.6 वरून हलत नाही. ऑगस्टमध्ये त्याच नाल्यापलीकडे पुन्हा एक रात्र अडकलो. सकाळी पहिल्या झटक्यात गाडी सुरू झाली आणि पाचेक सेकंदांनी मागून टक् असा आवाज आला.

एक सांगून ठेवतो. ज्यांच्याकडे नवी बीएस-6 गाडी आहे त्यांनी आधी अल्टरनेटर कसा आहे ते पाहावं. काही गाड्यांत कंप्यूटर चार्जिंगचं व्होल्टेज मध्येच खाली आणतो, तिथं असला रिले सारखा जोड-सोड करतो. माझ्यासमोर एकजण तशी गाडी घेऊन आला होता. वडशाच्या माणसानं बोनेट उघडलं, मीटर लावलं, दहा मिनिटं पाहिलं आणि झाकून टाकलं. "हे माझं काम नाई जी. कंपनीत विचारा." पैसे घेतले नाहीत.

जायचं असेल तर दिवाळीच्या आधी जा, नाही तर होळीनंतर. आपली गाडी काय चालवते ते सोबत घेऊन जा, फ्रिज असेल तर फ्रिज. फोन तो उचलत नाही. नाटकाच्या दिवसांत गेलात तर दुपारी बारानंतर, आणि शेड बंद दिसलं तरी परत फिरू नका. मागच्या बाजूनं जाऊन हाक मारा, तिथं खाटेवर झोपलेला असतो.