एका मुलाचं शैक्षणिक पालकत्व की वस्तीतल्या संस्थेला दरमहा देणगी?

शहरातल्या गरीब वस्तीसाठी दरमहा काही रक्कम बाजूला काढायचं ठरलं की दोन वाटा समोर येतात. पहिली शैक्षणिक पालकत्वाची. एक मूल तुमच्या नावाशी जोडलं जातं, त्याच्या फीचा, वह्यांचा, दप्तराचा वर्षाचा खर्च तुम्ही उचलता आणि प्रगतिपुस्तकाची प्रत तुमच्याकडे येते. दुसरी वाट वस्तीत बसून पाळणाघर, बालवाडी, आरोग्य, बचत गट अशी एकमेकांत गुंतलेली कामं करणाऱ्या संस्थेला पैसे देण्याची, तेही कुणासाठी आणि कशासाठी हे न सांगता. मी पुण्यात पहिली वाट बरीच वर्षं चाललो आणि आता दुसऱ्या वाटेवर आहे. संस्थेची नोंदणी, ताळेबंद, करसवलतीची पावती हे तुम्ही बघालच, त्यात शिरत नाही.

पालकत्वाचं बलस्थान आधी सांगतो, कारण ते खरं आहे. त्यात देणारा टिकतो. समोर एक नाव असतं, एक चेहरा असतो, सहावीचे गुण सातवीत वाढले की आपल्या घरातही आनंद होतो. माझ्या ओळखीतले दोघं-तिघं केवळ या ओढीने दहा-दहा वर्षं देत आले आहेत. वस्तीच्या कामाला देणाऱ्यांत इतका चिवटपणा मला कमी दिसला.

पण खर्च नेमका कुठे अडतो, हे बघायला हवं. शिक्षणहक्क कायदा सहा ते चौदा वर्षांच्या मुलांसाठी आहे, म्हणजे ढोबळमानाने आठवीपर्यंत. महापालिकेच्या शाळेत तोवर फी नाही, पाठ्यपुस्तकं मिळतात, दुपारचं जेवण मिळतं. पैशाची खरी चणचण नववीनंतर सुरू होते: परीक्षेची फी, क्लास, बसचा पास, पुढे आयटीआय किंवा डिप्लोमा. तिसरी-चौथीतल्या मुलाच्या शालेय खर्चाला दिलेले पैसे वाया जात नाहीत, पण त्या वयात मूल शाळा सोडतं ते वही नसल्यामुळे, असं मला तरी फारसं दिसलं नाही.

माझा निर्णय ज्यावरून झाला तो प्रसंग याच्याशीच जोडलेला आहे. माझ्याशी जोडलेली मुलगी सातवीत होती. तिचे वडील रंगकाम करायचे. त्यांना टीबी झाला आणि मजूर अड्ड्यावर जाणं बंद झालं. आईने धुण्याभांड्याची आणखी घरं धरली, सकाळी सहाला बाहेर पडायची ती दुपारी तीनला यायची. घरात दोन वर्षांचा धाकटा भाऊ. त्याला सांभाळायला कोण? थोरली. तिची शाळा बुडू लागली, आधी आठवड्यातून एक-दोन दिवस, मग सलग.

तिच्या शाळेसाठी दिलेले पैसे संस्थेकडे होते. वह्या वेळेवर पोचल्या होत्या, गणवेश शिवून झाला होता. मी विचारलं, यातून धाकट्याच्या पाळणाघराचे पैसे भरता येतील का? किंवा वडिलांसाठी अंडी, डाळ, शेंगदाणे? उत्तर आलं की रक्कम शिक्षण या शीर्षाखाली जमा झाली आहे, ती दुसरीकडे वळवता येत नाही. इथवर मी समजू शकतो. हिशेब शीर्षवार ठेवावे लागतात, लेखापरीक्षक विचारतात. पण त्यापुढचं वाक्य माझ्या मनातून गेलं नाही: ‘मुलगी गळालीच तर काळजी करू नका, आम्ही तुम्हाला दुसरी मुलगी निवडून देऊ.’

सांगणाऱ्या समन्वयक ताई मनाने चांगल्या होत्या, आणि माझी सोय बघूनच बोलत होत्या. पण त्या योजनेत टिकवायची होती ती माझी देणगी. मुलगी बदलली असती तरी योजना सुरळीत चालली असती. अजूनही मला हे सहन होत नाही. पुढे ती मुलगी पुन्हा शाळेत जाऊ लागली, ती त्याच वस्तीत दुसऱ्या एका छोट्या संस्थेच्या पाळणाघरात धाकट्याला जागा मिळाल्यावर. तिथल्या आरोग्यसेविका वडिलांच्या गोळ्या चुकत नाहीत ना हेही बघत होत्या. टीबीचा नेहमीचा औषधोपचार सहा महिन्यांचा, आणि बरं वाटायला लागलं की रोजंदारीवरचा माणूस दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यातच गोळ्या सोडून कामावर जातो. म्हणजे मुलीची शाळा सुरू राहायला पाळणाघर लागत होतं आणि घर पुन्हा उभं राहायला गोळ्यांवर लक्ष. यातलं काहीच ‘शिक्षण’ या शीर्षाखाली बसत नव्हतं.

वस्तीत जुन्या असलेल्या कामांकडे बघितलं तर बहुतेकांचा प्रवास असाच झालेला दिसतो. पुण्यात एसएनडीटी विद्यापीठाच्या प्रौढशिक्षणाच्या कार्यकर्त्या कचरा वेचणाऱ्या मुलांना शिकवायला गेल्या. त्यांच्या लक्षात आलं की आईची कमाई वाढल्याशिवाय मुलाच्या हातातलं पोतं सुटणार नाही. त्यातून १९९३ साली बाबा आढावांच्या नेतृत्वाखाली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही कचरा वेचणाऱ्यांची संघटना उभी राहिली. ओळखपत्रं आली, आरोग्य विमा आला, २००८ मध्ये ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था झाली. मुंबईत डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांनी शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात नवजात बाळांसाठी आयुष्य वेचलं, १९८९ मध्ये तिथे मातृदुग्धपेढी सुरू केली. बाळाचं आजारपण वॉर्डात येण्याआधी घरात सुरू झालेलं असतं, हे तिथे रोज दिसत होतं. १९९९ मध्ये त्यांनी ‘स्नेहा’ ही संस्था स्थापन केली आणि काम धारावीसारख्या वस्त्यांत नेलं. तिथे कुपोषणाबरोबर बाईवर होणाऱ्या मारहाणीचा प्रश्नही हातात घ्यावा लागला. पुण्यातल्या अन्नपूर्णा परिवाराने छोट्या कर्जांच्या जोडीला पाळणाघरं आणि आजारपणासाठी परस्पर मदतीचा निधी ठेवला, तोही याच कारणाने. भाजीची हातगाडी चालवणारी बाई आजारी पडली की कर्जाचा हप्ता आणि मुलाची शाळा एकाच आठवड्यात थांबतात.

आता दुसऱ्या वाटेच्या अडचणी. वर्षाच्या शेवटी तुमच्या हातात जो अहवाल येतो त्यात चेहरा नसतो. इतक्या गरोदर स्त्रिया, इतकी वजनं, इतके बचत गट. मन लागत नाही, हे मान्य. शिवाय खर्चाचा मोठा भाग पगारावर गेलेला दिसतो आणि देणारे तिथेच नाराज होतात. माझं मत थोडं वेगळं आहे. घरोघर जाऊन बाळाचं वजन घेणारी, लस चुकली तर पुन्हा दार वाजवणारी बाई, हेच तर ते काम. तिचा पगार वगळला तर उरतं काय? बहुतेक ठिकाणी ती त्याच वस्तीत राहणारी असते, त्यामुळे तिच्या घरची चूलही त्याच पैशावर पेटते.

आणखी एक गोष्ट फारशी कुणी लक्षात घेत नाही. २०१३ च्या कंपनी कायद्यानंतर ठरावीक नफ्यावरच्या कंपन्यांना सरासरी नफ्याच्या दोन टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्च करावी लागते. तो पैसा मोठा आहे, पण सहसा प्रकल्पाला बांधलेला येतो: स्वच्छतागृह, टॅब, संगणक खोली. प्रकल्प संपला की ताईचा पगार कुठून द्यायचा, हा प्रश्न मी एकापेक्षा जास्त संस्थांमध्ये ऐकला. तिथे तुमच्या-माझ्या दीड हजार रुपयांचं मोल त्या रकमेच्या आकारापेक्षा बरंच जास्त असतं, कारण त्यांच्यावर शीर्ष लिहिलेलं नसतं.

अर्थात ‘आम्ही सगळंच करतो’ म्हणणारी प्रत्येक संस्था नीट करतेच असं नाही. मी एवढंच करतो: कामाच्या दिवशी दुपारी वस्तीत जातो, कार्यक्रमाच्या दिवशी नाही, आणि बालवाडीच्या ताईंना विचारतो, ‘एखादं मूल तीन दिवस आलं नाही तर तुम्ही काय करता?’ जिथे त्या लगेच एखाद्या मुलाचं घर, त्याच्या आईचं काम आणि न येण्याचं कारण सांगू लागतात, तिथे पैसे द्यायला माझा हात अडत नाही.

पालकत्व घेऊच नका असं माझं म्हणणं नाही. मूल नववीच्या पुढे असेल, आणि तुम्ही त्याचा आयटीआय किंवा पदवी पूर्ण होईपर्यंत थांबणार असाल, तर ती वाट उत्तम आहे. फक्त आधी विचारून घ्या, की घरात आजारपण आलं तर हीच रक्कम त्या कुटुंबाच्या दुसऱ्या गरजेला वापरता येईल का. हो म्हणणाऱ्या संस्था आहेत, आणि तिथे माझी तक्रार जवळजवळ उरत नाही. एकाच माणसाशी नातं हवं असेल तर निक्षय मित्र योजनेचाही विचार करावा. २०२२ पासून सुरू असलेल्या या योजनेत किमान सहा महिने एका टीबी रुग्णाला पोषक शिधा पुरवता येतो. झारखंडमध्ये झालेल्या आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात रुग्णाच्या घरातल्या माणसांनाही पुरेसा शिधा दिल्यावर त्यांच्यातलं टीबीचं प्रमाण लक्षणीय घटलं होतं. तेव्हा जमलं तर शिधा अख्ख्या घराला पुरेल इतका द्या.

कुठलीही वाट निवडा, पैसे मार्चमध्ये करसवलतीसाठी एकरकमी देऊ नका, दरमहा बँकेतून आपोआप जातील असं करा. जूनमध्ये शाळा उघडतात, पाऊस लागतो, बांधकामं आणि रंगकामं थंडावतात, आणि महिनाभरात ताप-जुलाब सुरू होतात. वस्तीतल्या संस्थेला सर्वांत जास्त हात लागतात ते तेव्हा, आणि मार्चमध्ये आलेल्या देणग्यांचा बराचसा भाग तोवर थकलेल्या पगारांत आणि भाड्यात गेलेला असतो.