चार फुटी लाकडी टाइल्स: एक पावसाळा काढल्यावर

दापोलीच्या घरी ओटी आणि मधल्या खोलीत ८ इंच बाय ४ फुटी लाकडी डिझाइनच्या टाइल्स मी स्वतः बसवल्या, त्यावर आता अख्खा पावसाळा गेला. दिसायला सुरेख, वाळवीची भीती नाही, हे सगळ्यांना ठाऊकच आहे. मला बोलायचंय ते बाकाबद्दल, म्हणजे टाइलच्या वाकडेपणाबद्दल.

इतकी लांब टाइल भट्टीतून निघतानाच बहुधा मध्ये किंचित फुगलेली असते. दोन टाइल्स तोंडाला तोंड लावून धरा, टोकांना फट दिसते. ती दोघींच्या बाकाची मिळून. माझ्या काही खोक्यांत त्या फटीत रुपयाची दोन नाणी एकावर एक जात होती! दुकानदाराचं एकच पालुपद: "खोकं फोडलं की माल परत नाही." अहो, न फोडता बाक दिसणार कसा? भांडल्यावर दोन खोकी बदलून मिळाली, टेम्पोचं भाडं मात्र माझ्याच माथी.

शेजारचे मिस्त्री सांगत होते, "अर्ध्यावर सांधा घ्या, डिझाइन खुलतं." मी ऐकलं नाही. अर्ध्यावर घेतलं की एका टाइलचं फुगलेलं पोट शेजारच्या ओळीतल्या टोकांशी भिडतं आणि नेमकी तिथेच कड वर राहते. मी प्रत्येक ओळीचा सांधा १६ इंचांवर, म्हणजे एक-तृतीयांशावर सरकवत गेलो. शेजारच्या टाइल्सच्या कडा एका पातळीत धरणाऱ्या लेव्हलिंगच्या क्लिपा वापरल्या, पण क्लिप बाक काढत नाही. जबरदस्तीने दाबलेली टाइल पुढे खालून सुटते आणि पोकळ वाजते.

टाइल चिकटवायच्या अॅडहेसिव्हच्या गोण्या घेताना जिवावर आलं होतं, सिमेंट-वाळूत निम्म्याहून कमी खर्चात भागलं असतं. पण या टाइल्स पाणी जवळजवळ पितच नाहीत, ०.५ टक्क्याच्या आत, त्यामुळे नुसता सिमेंटचा माल त्यांना नीट धरत नाही. जमिनीवर खाचांच्या थापीने अॅडहेसिव्ह पसरलं आणि टाइलच्या पाठीवरही त्याचा हात फिरवला. परवा सगळीकडे ठोकून पाहिलं, एकही पोकळ नाही. तो पैसा वसूल.

मॅट फिनिशवर मी आधी नाराज होतो. जांभ्याची लाल माती रेषांत बसते, नुसत्या फडक्याने निघत नाही. पण आषाढात जुन्या गुळगुळीत लादीला घाम सुटायचा तेव्हा आई भिंत धरून चालायची. यंदा ओल्या पायांनी सरळ स्वयंपाकघरात जात होती. आता माझं मत बदललंय. नारळाच्या सोडणाने रेषांच्या दिशेने घासलं की माती निघते.

दारापाशी एका जागी मात्र अजून नखाला कड लागते. संध्याकाळचं तिरकं ऊन आलं की तिची बारीक सावलीही पडते. ती बदलून आलेल्या खोक्यातलीच टाइल!

आणखी एका खोलीलाही याच टाइल्स घेणार आहे. पण दुकानातच खोकी उघडून जोड्या लावून बघितल्याशिवाय पैसे देणार नाही, आणि नाही म्हणाले तर दुसरं दुकान.